सोशल मीडियाचा वापर मोजायचा, म्हणजे नेमकं काय मोजायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा लघुप्रबंध, विषय ‘तरुणांचा सोशल मीडियातील सहभाग आणि एकटेपणा’, वयोगट १८ ते २५. गुगल फॉर्म भरून घेणार, साधारण दीडशे जणांकडून. गाइड म्हणतात, ‘रोज किती तास वापरता?’ एवढा एक प्रश्न टाका आणि पुढे सरका. वर्गमैत्रीण म्हणते, नेटवरचं एखादं तयार ‘ॲडिक्शन स्केल’ उचल, व्हायव्हाला कोणी अडवत नाही. दोघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

संशोधन पद्धती शिकवणं आणि सर्वेक्षणं करून घेणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून सरळ सांगतो: दोघांचंही लगेच ऐकू नका. तासांचा प्रश्न एक गोष्ट मोजतो, व्यसनाचं स्केल दुसरीच, आणि शीर्षकावरून तरी तुम्हाला तिसरीच गोष्ट जाणून घ्यायची आहे असं दिसतं. साधन निवडण्याआधी तो गुंता सोडवावा लागेल.

‘सहभाग’ म्हणताना आपण निदान चार गोष्टी एका पोत्यात भरतो. किती वेळ ॲपवर गेला. दिवसातून किती वेळा फोन उघडून पाहिलं. तिथे काय केलं: पोस्ट टाकली, कुणाच्या स्टोरीला उत्तर दिलं, की नुसतं अंगठ्याने वर ढकलत बसलो. आणि चौथी, ही सवय आपल्या ताब्यात आहे की आपण तिच्या. मार्केटिंगवाले ज्याला एंगेजमेंट म्हणतात, म्हणजे लाइक्स, कमेंट्स आणि फॉलोअर्सचं गुणोत्तर, ते यात धरू नका. त्यात पोस्टची कामगिरी कळते, माणसाबद्दल काही कळत नाही. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी तो ‘एंगेजमेंट रेट’ प्रबंधात घेऊन येतो आणि मग निष्कर्षाच्या प्रकरणात अडकतो.

या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी मुलगी घ्या. यूट्यूबवर राज्यघटनेची लेक्चर्स, टेलिग्रामवर चालू घडामोडींच्या पीडीएफ, रात्री आईला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. फोन दाखवतो, पाच तास. तिच्याच वयाचा मुलगा, हॉस्टेलच्या खोलीत दिवे मालवल्यावर रील्स पाहत पडलेला. त्याचेही पाच तास. तुमच्या एक्सेल शीटमध्ये दोघांपुढे ‘५’ लिहिलेलं असेल, आणि एकटेपणाच्या गुणांशी तुम्ही त्या ‘५’चा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात याचा आकडा, काढाल. त्यातून काय निघणार? मुलीच्या बाबतीत तो व्हिडिओ कॉलचा वेळ एकटेपणा कमी करत असेल, मुलाच्या बाबतीत एकटेपणाच त्याला रील्सकडे ढकलत असेल. एकाच आकड्यात दोन उलट दिशांच्या गोष्टी मिसळल्या की बेरीज शून्याजवळ येते, आणि मग ‘सोशल मीडियाचा एकटेपणाशी संबंध आढळला नाही’ असं वाक्य छापलं जातं.

आता गाइडचा प्रश्न. ‘रोज किती तास?’ याला लोक मनापासून उत्तर देतात, तरी ते उत्तर कच्चं असतं. २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये एक मोठं मेटा-विश्लेषण आलं. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर अशी तुलना करणारे उपलब्ध अभ्यास त्यात एकत्र केले होते. दोन्हींमधला सहसंबंध सुमारे ०.३८ निघाला. तंतोतंत जुळलं असतं तर तो १ आला असता. वर्षभर आधी, २०२० मध्ये, फेसबुकच्या संशोधकांनी १५ देशांतल्या जवळपास ५० हजार वापरकर्त्यांची उत्तरं सर्व्हरवरच्या नोंदींशी ताडून पाहिली. लोक वेळ जास्त सांगत होते आणि किती वेळा उघडलं ते कमी सांगत होते. तुमच्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढची आहे: जे जास्त वेळ घालवतात त्यांची, आणि किशोरवयीन व तरुणांची उत्तरं अधिक चुकत होती. म्हणजे नेमका तुमचा वयोगट.

०.३८ वाचायला बरा वाटतो, म्हणून जरा हिशेब करून दाखवतो. समजा वापराचा आणि एकटेपणाचा खरा सहसंबंध ०.२ आहे. वापर मोजणारा प्रश्न खऱ्या वापराशी ०.३८ एवढाच जुळतो. चूक निव्वळ यादृच्छिक आहे, म्हणजे कुठल्याही एका बाजूला झुकलेली नाही, असं धरलं तर तुमच्या हाती येणारा आकडा साधारण ०.२ गुणिले ०.३८, म्हणजे ०.०८च्या आतबाहेर. एवढा छोटा सहसंबंध ८० टक्के खात्रीने पकडायला हजाराच्या वर माणसं लागतात. तुमच्याकडे दीडशे आहेत. शिवाय चूक यादृच्छिक असेलच असं नाही. ज्याला आधीच अपराधी वाटतंय तो स्वतःचे तास फुगवून सांगतो, आणि खिन्न असलेला माणूस स्वतःबद्दल अनेकदा वाईटच बोलतो. मग जो संबंध दिसेल तो वापराचा की मनःस्थितीचा, हे सांगता येणार नाही.

तरीही गाइडचा प्रश्न फेकून देऊ नका. तो बदलून घ्या. ‘सहसा’, ‘साधारणपणे’ असे शब्द काढा, कालावधी ‘गेल्या सात दिवसांत’ असा बांधा, ॲपचं नाव घ्या, आणि मोकळी चौकट न देता पर्याय द्या: १० मिनिटांपेक्षा कमी, १० ते ३० मिनिटं, ३१ ते ६० मिनिटं, १ ते २ तास, २ ते ३ तास, ३ तासांहून अधिक. वर सांगितलेल्या फेसबुकच्या अभ्यासाची शिफारसही अशाच बंदिस्त प्रश्नाची होती. इन्स्टाग्रामसाठी, आपल्याकडच्या मुलांसाठी, वरचे पर्याय थोडे वाढवावे लागतील. नाहीतर अर्धा वर्ग शेवटच्याच चौकटीत जाऊन बसतो.

ॲपचं नाव घ्या हे मी सहज म्हणत नाही. फॉर्म पाठवण्याआधी पाच-सहा जणांना समोर बसवा, प्रश्न वाचायला द्या आणि विचारा, ‘उत्तर देताना कोणकोणती ॲप्स धरलीस?’ एक म्हणेल फक्त इन्स्टा. दुसरी व्हॉट्सॲप धरेल. तिसऱ्याला यूट्यूब सोशल मीडियात येतं हेच पटत नाही, पण शॉर्ट्स मात्र तो धरतो. स्नॅपचॅटच्या स्ट्रीक्स कुणी ‘वापर’ समजत नाही, ते रोजचं काम झालेलं असतं. माझं मत विचाराल तर एकटेपणाच्या अभ्यासात व्हॉट्सॲप वेगळं मोजावं. घरच्यांशी आणि जवळच्या मित्रांशी बोलणं तिथे चालतं, अनोळखी लोकांचं आयुष्य पाहणं इन्स्टावर, आणि तुमच्या विषयात फरक पडायचा तर तो इथेच पडेल.

यापेक्षा पुढची पायरी म्हणजे फोनलाच विचारायचं. ॲपलचा स्क्रीन टाइम आणि अँड्रॉइडचं डिजिटल वेलबीइंग, दोन्ही २०१८ पासून आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटांपुरतं वापरायला सांगितलं होतं, तीन आठवडे. मुलं खरंच तेवढं पाळतात की नाही हे पाहायला त्यांनी आयफोनच्या बॅटरी-वापराचे स्क्रीनशॉट मागवले. महागडं सॉफ्टवेअर नाही, सर्व्हर नाही, साधे स्क्रीनशॉट. मर्यादा पाळणाऱ्या गटात एकटेपणा आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. असा डाटा तुम्हालाही गोळा करता येईल.

पण फोन जे सांगतो तेही गाळून घ्यावं लागतं. मुलांना शेजारी बसवून हे काम करून घेतलं की काय काय निघतं ते सांगतो. आयफोनवर चालू आठवड्याची सरासरी अर्धवट दिवसांची असते, म्हणून मागच्या पूर्ण आठवड्यावर जायला सांगा. कुणाचा आयपॅड त्याच खात्याला जोडलेला असेल तर दोन्हींचा वेळ एकत्र दिसू शकतो, ते सेटिंग आधी तपासा. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक पडदा वेगळा दिसतो. रेडमी, विवो, सॅमसंग यांच्यासाठी एकच सूचना लिहून चालत नाही, तीन-चार फोनांवर स्वतः करून पाहून मग सूचना लिहा. इन्स्टा क्रोममध्ये उघडलं असेल तर तो वेळ क्रोमच्या खात्यात जातो. पार्ट टाइम डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर एकूण स्क्रीन टाइम आठ-नऊ तास दिसेल. घाबरू नका, त्यात मॅप्स आणि कंपनीचं ॲपच जास्त असतं. म्हणून ‘एकूण स्क्रीन टाइम’ कधीही घेऊ नका. ज्या तीन-चार ॲप्सवर तुमचा अभ्यास आहे त्यांचेच आकडे घ्या. आयफोनवरचे पिकअप्स आणि अँड्रॉइडवरचे अनलॉक्स हेही लिहून घ्या. ‘किती वेळा’ची चाहूल लागते ती यातूनच.

स्क्रीनशॉट मात्र मागवू नका. त्या यादीत डेटिंग ॲप असतं, झटपट कर्जाचं ॲप असतं, रमीचं असतं. मुलाने ते पाठवलं तर त्याची खाजगी गोष्ट तुमच्या गुगल ड्राइव्हवर येऊन पडते, आणि नाही पाठवलं तर तुमचा नमुना गेला. त्यापेक्षा त्यानेच पाहून फॉर्ममध्ये आकडे लिहायचे. थोडी फेकाफेकी होईल, होऊ द्या. आठवणीवरच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी बरं.

क्रमही सांभाळा. आधी एकटेपणाची प्रश्नावली, मग स्वतःचा अंदाज, सर्वांत शेवटी फोनमधला आकडा. उलट केलं तर ‘इन्स्टाग्राम, दिवसाला ४ तास १० मिनिटं’ हे वाचून पोटात गोळा आलेला मुलगा पुढचे सगळे प्रश्न त्याच मूडमध्ये भरेल. आणि या क्रमाचा एक बोनस आहे: अंदाज आणि नोंद यांतलं अंतर तुम्हाला आपोआप मिळतं. गाइडचा तासांचा प्रश्न राहतो, त्यांना बरं वाटतं, आणि तुमच्या प्रबंधात आपल्या भागातल्या मुलांबद्दलचा एक खरा, तपासलेला निष्कर्ष येतो. बऱ्याच प्रबंधांत तेवढाही नसतो.

इथे एक अडचण आहे जी परदेशी पेपरमध्ये तुम्हाला फारशी दिसणार नाही. फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. २०२३ च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं जवळपास ४४ टक्के, मुली २० टक्के. तीच पिढी आज तुमच्या वयोगटात आली आहे. कॉलेजात आल्यावर बऱ्याच जणींना फोन मिळतो हे खरं, पण तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या मुलीचा फोन घरी गेल्यावर धाकट्या भावाच्या हातात असू शकतो. मग रात्री नऊ ते अकरा जो यूट्यूबचा वेळ नोंदला गेला तो तिचा नाही. फॉर्मच्या सुरुवातीलाच विचारा: फोन फक्त तुम्हीच वापरता का? दुसरा फोन किंवा दुसरं खातं आहे का? वाटून वापरणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवा. त्यांना अभ्यासातून काढून टाकू नका, नाहीतर नकळत मुलीच गळतील.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे. तयार स्केल वापरणं चांगलंच, पण ती काय मोजते हे तिच्या नावावरून कळत नाही, प्रश्न वाचावे लागतात. तुम्ही ज्याचं नाव लिहिलंय ते बर्गन सोशल मीडिया ॲडिक्शन स्केल सहा प्रश्नांचं आहे. सतत त्याचाच विचार, वाढत जाणारी ओढ, अडचणी विसरण्यासाठी वापर, सोडायचा प्रयत्न करून न जमणं, बंद झालं की अस्वस्थता, आणि त्यापायी कामावर किंवा अभ्यासावर वाईट परिणाम. प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ६ ते ३०, कालावधी गेलं वर्ष. आता तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. अडचणी विसरण्यासाठी वापर. एकटं आणि उदास वाटणारा मुलगा इथे जास्त गुण देणारच. मग तुम्ही या बेरजेचा एकटेपणाशी सहसंबंध काढलात आणि तो चांगला घसघशीत आला, तर त्यातला काही भाग तुम्ही स्वतःच दोन्ही बाजूंना घातलेला आहे. त्यातून ‘वापराने एकटेपणा वाढतो’ हे सिद्ध होत नाही. आणि हे लक्षात ठेवा की अशा समस्याप्रधान स्केलांचा फोनमधल्या प्रत्यक्ष नोंदींशी मेळ तर साध्या तासांच्या प्रश्नापेक्षाही कमी बसतो. तुमचा प्रश्न ‘सवय हाताबाहेर गेली आहे का’ असा असेल तर बर्गन चांगलं. ‘सहभाग’ असा असेल तर ते चुकीचं साधन आहे.

त्या स्केलची १९ ही मर्यादा सगळे कॉपी-पेस्ट करतात. ती हंगेरीतल्या किशोरवयीनांच्या मोठ्या सर्वेक्षणातून २०१७ साली आली. तुमच्या कॉलेजातल्या मुलांना त्या रेषेच्या वर-खाली उभं करून ‘इतके टक्के व्यसनी’ असं लिहू नका. सोशल मीडियाचं व्यसन हे अजून अधिकृत निदानही नाही. गुण सलग ठेवा आणि तसेच वापरा.

दुसरी तुम्ही विचारलेली फेसबुक इंटेन्सिटी स्केल. ती २००७ ची, मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर तयार झालेली. ‘फेसबुक माझ्या रोजच्या जगण्याचा भाग आहे’ या धाटणीची विधानं, सोबत मित्रांची संख्या आणि मिनिटं. त्या काळात कॉलेज म्हणजेच फेसबुक होतं. आज तुमच्या वयोगटातल्या मुलांसाठी फेसबुक ही काका-मावश्यांची जागा आहे. ‘फेसबुक’च्या जागी ‘इन्स्टाग्राम’ घालून चालतं का? अनेकांनी तसं केलंय. पण मित्रांची संख्या आणि फॉलोअर्सची संख्या एकच नाहीत, आणि एक शब्द बदलला तरी विश्वसनीयता नव्याने तपासावी लागते. ‘मूळ लेखकांनुसार अल्फा अमुक’ एवढं लिहून भागत नाही. तुमच्या नमुन्यावरचा क्रोनबाख अल्फा, म्हणजे स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, द्यावाच लागेल.

मला तुमच्यासाठी एक जरा कमी माहीत असलेली गोष्ट सुचवावीशी वाटते. २०१३ साली ‘फोमो’वरच्या, म्हणजे आपल्याला सोडून काहीतरी चाललंय या धास्तीवरच्या, संशोधनात पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरली होती. गेल्या आठवड्यात किती दिवस तुम्ही उठल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत सोशल मीडिया पाहिला? झोपण्याआधीच्या पंधरा मिनिटांत? नाश्ता करताना, दुपारच्या जेवणात, रात्रीच्या जेवणात? उत्तर शून्य ते सात दिवस. यात तास नाहीत, भावना नाहीत, अपराधीपणा नाही. माणसाला आठवण्याजोग्या जागा दिल्या आहेत, आणि सोशल मीडिया दिवसात किती खोलवर शिरलाय ते त्यातून कळतं. आपल्याकडे नाश्त्याचा प्रश्न अडतो, कारण सकाळी चहा-बिस्किटावर निघणारी मुलं खूप. तिथे ‘सकाळचा चहा किंवा नाश्ता’ असं करून पाच-सहा जणांवर तपासून घ्या. बदल केलाय हे पद्धतीच्या प्रकरणात नमूद करा, कोणी नावं ठेवत नाही.

काय करता हे मोजायचं तर सक्रिय आणि निष्क्रिय वापर अशी जुनी विभागणी आहे. पोस्ट करणं, कमेंट करणं एकीकडे, नुसतं पाहत राहणं दुसरीकडे. एके काळी ‘निष्क्रिय वापर वाईट, सक्रिय चांगला’ असा निकालच लागल्यासारखा होता. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. माझ्या मते ही विभागणी अजून उपयोगी आहे, फक्त तिसरा कप्पा लागतो: ओळखीच्या माणसाशी थेट बोलणं. डीएम, स्टोरीला दिलेलं उत्तर, मित्राला पाठवलेलं रील. हो, रील पाठवणं हाही संवादच आहे, भले त्यात एक शब्द नसो. तुमच्या विषयापुरतं बोलायचं तर या कप्प्यात चार-पाच चांगले प्रश्न घातलेत तरी बर्गनपेक्षा जास्त हाती लागेल.

नमुन्याबद्दल थोडं. दीडशे जणांत तुम्हाला साधारण ०.२३ किंवा त्याहून मोठा सहसंबंध भरवशाने पकडता येईल. ०.२ साठी १९४ च्या आसपास माणसं लागतात, ०.१ साठी ७८० च्या वर. जी-पॉवर हे फुकटचं सॉफ्टवेअर हे दोन मिनिटांत काढून देतं, व्हायव्हाला त्याचा पडदा दाखवा. किशोरवयीनांच्या तीन मोठ्या सर्वेक्षणांवरच्या २०१९ च्या ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की यांच्या विश्लेषणात डिजिटल वापराने स्वास्थ्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्पष्ट होत होता. सहसंबंधाच्या भाषेत ते ०.०६ च्या जवळपास. तो आकडा सगळं डिजिटल एकत्र धरून आलेला आहे, त्यामुळे तुमच्या नेमक्या प्रश्नात यापेक्षा मोठं काही निघू शकतं. पण दीडशे जणांत ०.५ आला तर आधी आनंद नको, आधी डाटा तपासा.

आणि तो डाटा येतो कुठून? फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की जे सतत ऑनलाइन असतात तेच आधी भरतात. जी गोष्ट मोजायची तिच्याच चाळणीतून माणसं गाळून घेतल्यासारखं होतं. शक्य असेल तर हजेरीपटावरून निवडा: एका शाखेचे, एका वर्षाचे सगळे, कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा वर्गात, स्वतःच्या फोनवर. प्राध्यापक मात्र तेव्हा वर्गात नकोत. सर फळ्यापाशी उभे असताना कोणी ‘लेक्चर चालू असताना इन्स्टा पाहतो’ असं लिहीत नाही.

माणसं कमीच मिळणार असतील आणि तुमची तयारी असेल तर मी दुसरा रस्ता सुचवेन. चाळीस जण घ्या. सात दिवस, दिवसातून तीन वेळा, चार प्रश्नांची लिंक पाठवा: गेल्या तासाभरात कोणतं ॲप, त्यावर मुख्यतः काय केलं, कोणाशी बोललात का, आणि आत्ता किती एकटं वाटतंय. सगळ्यांनी सगळं भरलं तर ८४० नोंदी. तीन चतुर्थांश आल्या तरी ६३० होतात. यातून जे कळतं ते एकदाच भरलेल्या फॉर्ममधून कधीच कळत नाही: हाच मुलगा जास्त रील्स पाहतो तेव्हा त्याला जास्त एकटं वाटतं का? नेदरलँड्समध्ये २०२० साली ६३ किशोरवयीनांवर असाच अभ्यास झाला. सोशल मीडिया नुसता पाहिल्यानंतर ४६ टक्क्यांना बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काही फरक नव्हता, १० टक्क्यांना वाईट वाटत होतं. या तिघांची सरासरी काढली असती तर कोणाचंच चित्र उमटलं नसतं. मात्र विश्लेषण बहुस्तरीय लागतं, म्हणजे एकाच माणसाच्या अनेक नोंदी एकत्र बांधून पाहणारं. जामोवी या फुकटच्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ते जमतं, पण तुमच्या विभागात ते येणारं कोणी आहे का हे आधी पाहा. नसेल तर या रस्त्याला जाऊ नका, प्रबंध अर्धवट राहील.

एकटेपणासाठी यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या नावाची वीस प्रश्नांची स्केल घ्या किंवा तिचं तीन प्रश्नांचं छोटं रूप. दिवसातून तीन वेळा विचारायच्या त्या डायरी पद्धतीत छोटंच. मोठीत काही प्रश्न उलट्या दिशेचे आहेत, त्यांचे गुण उलटवायचे राहिले की अल्फा कोसळतो आणि विद्यार्थी भाषांतराला दोष देत बसतो. मराठी भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यावं.

नैराश्यही मोजायचं मनात आहे असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली लावणार असाल तर थांबून विचार करा. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी गुगल फॉर्मवर कोणी तिथे ‘जवळजवळ रोज’ लिहिलं आणि तुम्ही ते पंधरा दिवसांनी एक्सेलमध्ये पाहिलं, तर काय करणार? तो माणूस कोण हेही तुम्हाला माहीत नसेल. संशोधनाच्या नैतिकता समितीची मान्यता, कॉलेजचे समुपदेशक आधी सांगून ठेवलेले, आणि फॉर्मच्या शेवटी सगळ्यांना दिसेल असा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, मराठीतही बोलता येतं हे लिहून. एवढी तयारी नसेल तर नैराश्य सोडा, एकटेपणा पुरे आहे. आणि अकरावी-बारावीची मुलं मोहाने आत घेऊ नका. अठराच्या खाली पालकांची संमती लागते, आणि ती खरोखर घ्यावी लागते.

तर तुमच्या जागी मी असतो तर हे असं करीन: वर्गात बसवून, दोनशेच्या आसपास, आधी एकटेपणा, मग जेवण-झोपेचे ते पाच प्रश्न, मग थेट संवाद आणि नुसतं पाहणं यांवरचे प्रश्न, मग इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲपचे वेगवेगळे अंदाज, आणि शेवटी फोनमधले आकडे. बर्गन परिशिष्टातसुद्धा नाही. फॉर्म पंधरा मिनिटांत संपला पाहिजे, त्यापुढे मुलं एकाच रांगेत टिकमार्क करत सुटतात. मध्ये कुठेतरी ‘या ओळीसाठी दुसरा पर्याय निवडा’ असा एक प्रश्न पेरा म्हणजे तसे फॉर्म सापडतील.

तारखा बघून ठेवा. गणपतीचे दहा दिवस, दिवाळीची सुट्टी, सेमिस्टर परीक्षेचा आठवडा आणि आयपीएल यांत ‘गेले सात दिवस’ विचारलं तर उत्तर त्या सात दिवसांचंच मिळेल. जुलैचा शेवट किंवा जानेवारीचे मधले आठवडे बरे. आणि सगळ्यांकडून एकाच आठवड्यात भरून घ्या, कला शाखेचं ऑगस्टमध्ये आणि विज्ञानचं परीक्षेनंतर असं नको.